ट्रंकेतला शर्ट

शालनवहिनीला घरातून घालवलं ते मी. जा म्हणाले अण्णा, तसं कळवलं दादानं, आणि आई दाराआड उभी राहून डोळ्याला पदर लावत राहिली. पण हे सगळं घडलं माझ्या एका पत्रानंतर. त्या पत्रात तीन वाक्यं होती आणि तिन्ही खरी होती. त्या खरेपणाच्या आधारावर मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घालत आलो, की आपण खोटं काही लिहिलं नाही, डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ मी चुकीचा लावला, ही माझी पहिली चूक. सतराव्या वर्षी ती कुणाच्याही हातून होऊ शकते. तिच्यामागून जी झाली ती मात्र वयावर ढकलता येत नाही, आणि ती सांगितल्याशिवाय माझ्या तरुणपणाबद्दल बाकी काही सांगायला मला तोंड नाही.

आमचं घर छावणीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं मोरी आणि मोरीशेजारी पाणी तापवायचा तांब्याचा बंब. पहाटे पलटणीचा बिगुल वाजला की अण्णा उठायचे. घड्याळ होतं, पण त्यांचा विश्वास बिगुलावर. ते लष्कराच्या भांडारात मदतनीस होते. दिवसभर पेट्या उचलायचे, पण घरातून निघताना असे निघायचे की कुणालाही साहेब वाटावेत. पांढरा सदरा, खळ घातलेली पँट, खिशात घडी केलेला रुमाल. कपड्यांच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता आणि तो आमच्या घरात पंचशीलाइतकाच पक्का होता. दुसऱ्याच्या अंगावरचं कापड घरात येता कामा नये. त्यांचं लहानपण गंगापूरकडच्या एका खेड्यात गेलं होतं. तिथं आमच्या लोकांनी वर्षाकाठी वाड्यांवरून उतरलेले कपडे मागून आणायचे आणि तेच सणाला घालायचे. धर्मांतर केलं त्या वर्षी त्यांच्या वडिलांनी असल्या कपड्यांचं गाठोडं गावाबाहेर नेऊन जाळलं. अण्णा तेव्हा लहान होते, पण तो जाळ त्यांच्या डोळ्यांत कायम राहिला. मला शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवाजीचं काम मिळालं होतं. भाड्यानं आणलेला अंगरखा पाहून त्यांनी मला पडवीतूनच परत पाठवलं. "उघडा गेलास तर चालल," म्हणाले, "पण हे नाय घालायचं."

मी हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याचं अर्धं कारण या नियमात आहे. तेव्हा मात्र मला ते दिसलं नाही.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, फौजेत. लग्न झालं आणि तिसऱ्या आठवड्यात तो वर, थंडीच्या मुलुखात, ठाण्यावर गेला. स्टेशनवर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सुध्या, घराकडं लक्ष ठेव रे." कुणीही जाणारा माणूस असंच म्हणतो. पण मी छावणीत वाढलेला, चौकाचौकात पहारेकरी पाहिलेले. मला वाटलं माझी नेमणूकच झाली.

वहिनी तेव्हा एकवीस वर्षांची असेल. गंगापूरजवळचं माहेर, बारावी झालेली. लग्न ठरताना अण्णांनी तिला पुढं शिकवायचं कबूल केलं होतं, पण आईचे गुडघे धरले आणि ते राहून गेलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. तिच्या हातची येसराची आमटी अशी व्हायची की अण्णा, जे कधी दुसऱ्यांदा मागत नसत, ते ताट तसंच पुढं सरकवून दुसरीकडे बघत बसायचे. ती हसू दाबून पळी ओतायची. दुपारी भांडी झाली, आई लवंडली की ती पडवीत माझ्यासमोर येऊन बसायची. मी अकरावीला होतो आणि मला इंग्रजी आवडायचं. मी धडा वाचायचो आणि ती गहू निवडत म्हणायची, "भाऊजी, आता अर्थ सांगा." मी सांगायचो. न येणाऱ्या शब्दाला मनानं काहीतरी ठोकून द्यायचो. एकदा ती म्हणाली, "काल तुम्ही याचा येगळाच अर्थ सांगितला होता." मी म्हणालो, "इंग्रजीत तसं असतं." ती म्हणाली, "बरं हाय मग. आपल्या सोयीनं लावायचा." आणि सुपातला खडा माझ्या वहीवर टाकला.

दिवाळीनंतर या दुपारी बंद झाल्या. मी कॉलेजातून यायचो तर वहिनी घरात नसायची. आई झोपलेली. तासादीडतासानं वहिनी यायची, हातात कोथिंबिरीची जुडी. मी शिंकाळ्याखालच्या टोपलीत पाहायचो तर सकाळची कोथिंबीर तशीच ताजी पडलेली. "कुठं गेली होतीस?" विचारलं तर म्हणायची, "इथंच, बाजारात." मी धडा काढला तर म्हणायची, "आज नको भाऊजी, बोटं दुखायलीत." बाजारात जाऊन कुणाची बोटं दुखतात? मी हे मनात टिपून ठेवलं. आता लिहिताना कबूल करतो की माझ्या संशयाचं मूळ दादाच्या काळजीत नव्हतं. माझी दुपार कुणीतरी नेली होती, त्याचा राग होता. पण राग स्वतःचं नाव सांगत नाही. तो म्हणतो, मी घराकडं लक्ष ठेवतोय.

एकदा लक्ष ठेवायचं ठरवलं की रोज काहीतरी सापडतंच. वहिनी वाकून चूल सारवत होती तेव्हा तिच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, निळ्या खडूची रेघ दिसली. असा खडू शाळेत नसतो, शिंप्याकडे असतो. दुसऱ्या आठवड्यात तिच्या पदराला दोऱ्याचं टोक चिकटलेलं होतं, लाल. तिच्याकडं लाल काही नव्हतं. ती भाकरी थापताना काहीतरी गुणगुणायची, आणि मी आत गेलो की थांबायची. अण्णा जेवताना म्हणाले, "सूनबाई आजकाल खुशीत हाय." आई म्हणाली, "पत्र आलं आसंल." पत्र आलं नव्हतं. टपाल माझ्या हातात यायचं, मला माहीत होतं.

एका बुधवारी मी कॉलेज बुडवून तिच्या मागं गेलो. ती बाजारातून सरळ यासीन मास्टरच्या दुकानाशी गेली. यासीन मास्टर म्हणजे छावणीतले जुने शिंपी. फौजी वर्दी, बिल्ल्यांच्या फिती, अण्णांचे सदरे, माझी शाळेची खाकी चड्डी, सगळं त्यांच्याकडचं. ईदला त्यांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि आई तो डबा कधी रिकामा परत करायची नाही. दुकान पुढं, घर मागं, मध्ये जाड हिरवा पडदा. वहिनी कुणाला हाक न मारता, घर आपलंच असावं तसा, तो पडदा बाजूला करून आत गेली. मी समोरच्या सायकलच्या दुकानाआड उभा राहिलो. थोड्या वेळानं मास्टर चहाची बशी घेऊन बाहेर आले आणि पायरीवर उभे राहिले. पुढच्या मशीनवर एरवी बसायचा त्यांचा कारागीर सलीम. केसांना तेल लावून मागं वळवणारा, गाणी म्हणणारा, विशीचा. त्याचं स्टूल रिकामं होतं. आणि आतून मशीन चालू असल्याचा आवाज येत होता. मास्टर बाहेर, सलीम जागेवर नाही, वहिनी आत, मशीन आत. मी बेरीज केली.

ती बेरीज किती सोपी होती आणि किती चुकली! आत मशीन चालत होतं तर ते कुणीतरी चालवत होतं, आणि मशीन चालवणाऱ्या माणसाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय मशीनवर असतात. एवढंही मला सुचलं नाही. मला फक्त रिकामं स्टूल दिसलं.

त्यानंतर तिची ट्रंक उघडली. ती मोरीत न्हात होती, बाहेर बंबाचा धूर होता. लग्नातला शालू वर होता, त्याखाली माहेरची दोन लुगडी, आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पुरुषाचा शर्ट. आकाशी रंगाचा, जुना. बटणं एकही नाही. एक बाही खांद्यापाशी अर्धी सुटलेली, दोरे लोंबत होते. मी तो अंगाला लावून पाहिला. दादाच्या रुंद छातीला तो कधीच बसला नसता. माझ्यासारख्या किडकिडीत माणसाचा होता. त्याला खोबरेल तेलाचा आणि कुणाच्या तरी घामाचा वास येत होता. मी तो होता तसा गुंडाळून ठेवला, बाहेर आलो आणि वहिनीनं केस पुसत विचारलं, "भाऊजी, पाणी काढू का तुम्हाला?" मी मान फिरवली.

पत्र मी कॉलेजच्या वाचनालयात बसून लिहिलं. "दादा, वहिनी दुपारी यासीन मास्टरच्या दुकानात पडद्याआड जाऊन बसते. तिच्या ट्रंकेत परक्या माणसाचा फाटका शर्ट आहे. तू घराकडं लक्ष ठेव म्हणाला होतास म्हणून कळवतो." टाकून आलो आणि त्या संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पत्र वर पोचायला बारा-तेरा दिवस लागायचे आणि यायला तेवढेच. त्या पंचवीस दिवसांत मी किती वेळा वाट वाकडी करून टपाल कचेरीत गेलो, मोजलं नाही. एकदा वाटलं, पत्र परत मागता येतं का विचारावं. विचारलं नाही. या दिवसांत वहिनीनं मला नवीन कोथिंबीरवडी करून खायला घातली, एवढ्या जुड्यांचं काहीतरी करायला हवं म्हणून. मी ती खाताना तिच्या बोटांकडं पाहिलं. टोकांना बारीक टोचल्याच्या खुणा होत्या. त्याही मी पाहिल्या आणि ज्या खात्यात टाकायच्या नव्हत्या त्याच खात्यात टाकल्या.

दादाचं पत्र रविवारी सकाळी अण्णांच्या हाती पडलं. शेजारचा पोस्टमन राहिलेलं टपाल सुट्टीच्या दिवशी घरी आणून द्यायचा. आम्ही विहारातून वंदना करून नुकतेच आलो होतो. अण्णांच्या अंगावर पांढरे कपडे होते. त्यांनी पत्र उभ्यानं वाचलं, मग खाटेवर बसून वाचलं, मग घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "सूनबाई, तुझी ट्रंक आण."

ट्रंक पडवीत आली. त्यांनी स्वतः हात लावला नाही, आईला उघडायला लावली. शालू निघाला, लुगडी निघाली, वर्तमानपत्र निघालं. अण्णा शर्टाकडं असे पाहत राहिले की मला वाटलं ते उठून मागच्या मागं निघून जातील.

"हे कुणाचं हाय?"

"कुणाचं नाय, मामंजी," वहिनी म्हणाली. आवाज बारीक होता पण सरळ होता. "शिकायला आणलंय. यासीन मास्टरच्या घरचे शिकवतात मला, हमीदाचाची. गिऱ्हाईकाची बदली होती, कपडा दुकानातच ऱ्हातो. तो उसवून परत शिवायचा. आधी उसवायला शिक, म्हणतात."

"दुसऱ्याच्या अंगावरचा?"

तिनं मान हलवून हो म्हटलं.

"माझ्या घरात? शालूच्या खाली?"

"म्हणूनच लपवला, मामंजी. तुम्ही येऊ दिला नसता."

"चोरी नव्हती तर लपवला कशाला, हे विचारतोय मी, आन् तू म्हणतीस, म्हणूनच लपवला!" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. आई म्हणाली, "अवो, हळू. शेजारी ऐकतील." अण्णा म्हणाले, "शेजारी? तिकडं ठाण्यावर पोराला कळलं, शेजाऱ्याचं काय घेऊन बसलीस!" आणि माझ्याकडं वळले. "सुध्या. तू पाहिलं. कोण असतं आत?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. पत्र कुणी लिहिलं हे तिला तेव्हा कळलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती थांबली होती, मी अर्थ सांगायचो तेव्हा थांबायची तशी. मी म्हणू शकलो असतो, मी आत गेलो नाही, मला माहीत नाही. ते खरं होतं.

मी म्हणालो, "आत सलीम असतो."

मी सलीमला आत पाहिलं नव्हतं. पत्रातली तीन वाक्यं खरी होती. हे चौथं खोटं होतं, आणि घर चाललं ते चौथ्यावर. अण्णा उठले आणि तिला माहेरी जा म्हणाले. दुपारी ते यासीन मास्टरच्या दुकानापुढं जाऊन काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण सोमवारी सगळ्या बाजाराला माहीत होतं.

शर्ट जाळायचं काम माझ्याकडं आलं. "सकाळी बंबात घाल," अण्णा म्हणाले, "राखसुद्धा इथं नको." सोमवारी बिगुलानंतर मी मोरीशी गेलो, बंबात गोवऱ्या पेटवल्या आणि शर्ट हातात घेतला. उजाडलं होतं. ट्रंक उघडली त्या दिवशी मी तो धुरात, घाईत पाहिला होता. आता पहिल्यांदा नीट पाहिला. सुटलेली बाही सुटली नव्हती, उसवली होती, एकेक टाका कापून. उरलेल्या अर्ध्या गोलाईवर लाल दोऱ्याची शिवण होती. आकाशी कापडावर लाल दोरा कुठला शिंपी घालेल? शिकणाऱ्याला घालायला देतात, चूक लांबून दिसावी म्हणून. ती शिवण सुरुवातीला वाकडी होती, दोनदा उसवलेली, सुईची भोकं तशीच राहिलेली. मग जरा सुधारलेली. आणि शेवटची चार बोटं अगदी सरळ, मास्टरांच्या हातची असावी तशी. कॉलरच्या आत कुणीतरी निळ्या खडूनं बरोबरची खूण केली होती, जशी मी वहीत बरोबर उत्तरावर करतो.

मला कळलं. संशय उरला नाही, अंदाज उरला नाही, कळलं. रिकाम्या स्टुलाचं, खडूच्या रेघेचं, टोचलेल्या बोटांचं, सगळ्याचं कळलं. घरात अण्णा दाढी करत होते. दहा पावलं होती. मी शर्ट त्यांच्यापुढं धरला असता तर त्यांनी कापड जाळलंच असतं, पण सुनेला ठेवलं असतं. आणि मला विचारलं असतं, मग काल सलीम कुठून आणलास?

मी शर्ट बंबात घातला. कॉलर ताठ ठेवणारं आतलं बकरम सगळ्यात शेवटी जळालं. त्या पाण्यानं मी आंघोळ केली आणि कॉलेजला गेलो.

ही माझी दुसरी चूक. तिला चूक म्हणायची सवय झाली आहे म्हणून म्हणतो.

मंगळवारी दुपारी, वहिनी मागं मोरीत धुणं आपटत होती तेव्हा, हमीदाचाची आल्या. त्या कधी आमच्याकडं आल्या नव्हत्या. बुरख्याची जाळी वर केलेली, चालून धाप लागलेली. आईनं आतून हात हलवला, म्हणजे नाही म्हण. मी दार अर्धं उघडून उभा राहिलो. "आई घरी नाही," म्हणालो.

"हौ, नईं होंगे," चाची म्हणाल्या. आईच्या चपला माझ्या पायाशीच होत्या. "बेटा, तेरी माँ कू इतना बोल. वो बच्ची मेरे पास आती थी. मेरे पास, अंदर. सलीम तो डेढ़ महीने से जालने में है, बहन की शादी के वास्ते. उसका नाम कायकू लिए रे तुम लोगाँ?" त्या जरा पुढं झाल्या. "तू पढ़नेवाला बच्चा है. तू समझता. तू बोल दे तेरे बाप कू." मी म्हणालो, "सांगतो." आणि दार लावलं. आईनं विचारलं, "काय म्हणली?" मी म्हणालो, "काही नाही. मास्टर रागावलेत." आमच्या घरी त्यानंतर शीरखुर्म्याचा डबा आला नाही.

बुधवारी वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला. गंगापूरची जीप भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून पाऊण तास स्टँडवर उभं राहावं लागलं. ट्रंक मी उचलून आणली होती, जीपच्या टपावर मीच बांधली. तिचा भाऊ उसाच्या रसाच्या गाड्यावर गेला तेव्हा ती आणि मी दोघंच होतो. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला तसंच वाटलं आसंल. लांबून तसंच दिसतं." मी टपावरची दोरी उगाच ओढत राहिलो. जीप सुटताना खिडकीतून म्हणाली, "इंग्रजीचा पेपर कसा जातो ते कळवा." मी कळवलं नाही. पेपर चांगला गेला होता.

दादा सात महिन्यांनी सुटीवर आला. एक दिवस घरात पडून राहिला, दुसऱ्या दिवशी गंगापूरला गेला आणि वहिनीला घेऊन आला. आम्हाला केवढा आनंद झाला! आईनं तिच्या पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. वहिनी उंबऱ्याच्या बाहेर, पाय ओले, आणि दादा अण्णांना म्हणाला, "झालं गेलं, अण्णा. मी माफ केलंय तिला. पुन्हा कुणी काढायचं नाय." मी पाहत होतो. तिनं मान वर केली नाही. जे केलंच नव्हतं त्याची माफी तिला मिळाली होती, आणि ती परत करायला जागा नव्हती. पस्तीस वर्षं ती त्या माफीत राहिली. दादा वाईट माणूस नाही. त्यानं कधी हात उगारला नाही, दारूला शिवला नाही. पण ती भाजीला जाऊन अर्धा तास उशिरा आली तर तो नुसतं घड्याळाकडं पाहायचा. मुलगी झाली तेव्हा त्यानं हौसेनं शिलाई मशीन घ्यायचं काढलं. वहिनी म्हणाली, "कशाला? मला येत नाय शिवता." मी तिथंच बसलो होतो. त्या लाल शिवणीची शेवटची चार बोटं मला दिसली, आणि मी चहा संपवला.

अण्णा गेले, आई गेली. यासीन मास्टर गेले, चाचीही गेल्या. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं. मी इंग्रजीचा प्राध्यापक झालो. लोकांना वाक्यांचे अर्थ सांगणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा.

सध्या आमच्या वर्गाला एक अलीकडची इंग्रजी कादंबरी आहे. समुद्रकाठचं घर, आणि त्या घरातला मुलगा शेजाऱ्याच्या दारामागं आपल्या आईचा कोट टांगलेला पाहतो. कोटाचं कारण साधं असतं, पण तो घरी येऊन एक वाक्य बोलतो आणि घर हळूहळू नासत जातं. मी गेली दोन वर्षं ही कादंबरी शिकवतो. गैरसमज हा तिचा विषय, असं फळ्यावर लिहितो. या वेळी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. गंगापूरहून रोज एसटीनं येते, फारशी बोलत नाही. म्हणाली, "सर, कोट दिसला तोवर गैरसमज, ठीक आहे. पण नवव्या प्रकरणात त्याला कळतंच की. तरी तो गप्प बसतो. मग पुढच्याला गैरसमज कसं म्हणायचं?"

मी म्हणालो, "चांगला प्रश्न आहे. उद्या बोलू." वर्ग सोडला आणि बराच वेळ फळ्यासमोर उभा राहिलो. शेवटी तो शब्द पुसला.

पुढच्या रविवारी मी छावणीतल्या घरी गेलो. दादा बाहेरच्या खोलीत क्रिकेट पाहत होता. वहिनी ओट्यापाशी ज्वारीचं पीठ मळत होती. आता गॅस आहे, पण भाकरी ती अजून हातावरच थापते. मी पाटावर बसलो आणि सांगितलं. पत्राचं नाही, ते तिला माहीत होतं. बंबाचं सांगितलं, लाल दोऱ्याचं, कॉलरमधल्या खडूच्या खुणेचं. चाची दारात काय बोलल्या ते सांगितलं. तिचे हात पिठात थांबले.

"चाची आल्या होत्या?" तिनं विचारलं.

"हो."

"घरी आल्या होत्या? माझ्यासाठी?"

"हो."

तिनं हातातला गोळा खाली ठेवला. "मला वाटायचं, त्यांनी मला सोडून दिलं. मी त्यांच्या मयतीला गेले नाय, भाऊजी." मग तिनं हात धुतले, पुसले. "आन् तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"दुसऱ्या दिवशी. सकाळी. वहिनी, मला माफ—"

"ते नका म्हणू," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज माझ्यावर चढला. "माफ हा शब्द या घरात माझ्या वाट्याला आलाय, तो मला पुरला. मला काय सांगता? मी शर्ट शिवत होते ते मला ठाऊक हाय. ज्याला ठाऊक नाय त्याला सांगा."

ती माझ्या पुढं होऊन बाहेरच्या खोलीत गेली, दादाच्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. दादा म्हणाला, "अगं, शेवटची ओव्हर आहे!" ती भिंतीला टेकून, हात पोटाशी धरून उभी राहिली, पस्तीस वर्षांपूर्वी पडवीत उभी होती तशी, आणि माझ्याकडं पाहत थांबली.

मी उभ्यानंच बोललो. "दादा, सलीम आत नव्हता. मी त्याला आत कधीच पाहिलं नव्हतं, तो जालन्याला होता. वहिनी शिवण शिकत होती. तिनं सांगितलं तेच खरं होतं, सगळं. तो शर्ट जाळताना मी तिची शिवण पाहिली, मला कळलं, आणि मी तो जाळला. तू तिला ज्याची माफी दिलीस ते तिनं केलं नव्हतं. ते मी केलं होतं. मला माफ करू नका, दोघंही. फक्त ती माफी तिच्याकडून परत घे, दादा. दोष माझा आहे."